बर्फाच्या उताराचे गुरुजी : माथियास झदार्स्की

तळेगाव ढमढेरे : वेळ नदीच्या काठावरच्या या गावात आकाशातून बर्फ पडतो तो गारांच्या रूपातच, वळवाच्या पावसाबरोबर यायचा आणि उभ्या पिकाचे नुकसान करून जायचा. तरीही हिमस्खलन हा शब्द शिरूर आणि दौंडच्या घरांना परका राहिलेला नाही. येथील मुले सैन्यात जातात आणि सियाचीन, द्रास, गुलमर्ग ही नावे त्यांच्या बदल्यांबरोबर घरात येतात. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळून दहा जवान मृत्युमुखी पडले. त्यांत सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा एक जवान होता. त्याआधी ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे सैन्याच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमधील सतरा जवान प्रशिक्षण सुरू असतानाच बर्फाखाली गेले. अशी बातमी आली की पारावर एक प्रश्न हटकून निघतो. ज्यांना बर्फाचेच शिक्षण मिळते, ते बर्फात सापडतात कसे?

या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या देहावर झेललेला एक माणूस शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रियात होऊन गेला. आल्प्सच्या तीव्र उतारांवर स्की कशी चालवावी, हे ज्यांनी युरोपला शिकविले, त्या माथियास झदार्स्की यांचे हे चरित्र.

झदार्स्की यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८५६ रोजी मोराविया प्रांतातील कोझिखोविचे या खेड्यात झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. पेशाने ते शिक्षक होते. चित्रकला आणि शिल्पकलाही त्यांना अवगत होती. व्यायामाची त्यांना विलक्षण आवड होती. मात्र माणसांच्या गर्दीत ते फारसे रमत नसत. १८८९ मध्ये त्यांनी लिलियेनफेल्ड या गावाजवळच्या डोंगरात हाबर्नराइट नावाची शेतवाडी विकत घेतली आणि तेथेच एकांतात मुक्काम ठोकला. व्हिएन्नाच्या नैऋत्येला असलेले हे गाव तेराव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेल्या मठासाठी ओळखले जाई. स्कीचा आणि या गावाचा तोवर काहीही संबंध नव्हता.

संबंध आला तो एका पुस्तकामुळे. नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलँड ओलांडले. त्या प्रवासाचे वर्णन झदार्स्की यांनी वाचले आणि थेट नॉर्वेहून स्कीची जोडी मागविली. आली ती जवळजवळ तीन मीटर लांबीची. नॉर्वेच्या पठारी, मंद उतारांच्या प्रदेशात ती उत्तम चालत असे, पण हाबर्नराइटच्या मागचा डोंगर म्हणजे निव्वळ घसरण. लांब फळ्या वळेनात. शिवाय बूट फळीला बांधण्याचे चामडी पट्टे इतके सैल असत की टाच आडवी सरके आणि फळी भलत्याच दिशेला जाई. विचारायला जवळपास जाणकार कोणी नव्हता. झदार्स्की यांनी फळ्या कापून दोन मीटरच्या आसपास आणल्या आणि बांधणीच्या मागे लागले. सहा वर्षांत सुमारे दोनशे प्रयोग केल्यानंतर त्यांना हवी तशी बांधणी सापडली. बुटाखाली पोलादी पट्टी आणि पुढे स्प्रिंग अशी तिची रचना होती. चढताना टाच मोकळेपणाने वर उचलता यावी, पण आडवी मात्र तसूभरही हलू नये, ही तिच्यामागची कल्पना.

आज यांत्रिक पाळण्याचा आधार न घेता, स्कीच्या तळाला घसरण रोखणारी कातडी पट्टी लावून लोक स्वतःच्या पायांनी पर्वत चढतात आणि पलीकडच्या कोऱ्या बर्फावरून उतरतात. हिवाळी पर्यटनाच्या या प्रकाराला स्की टूरिंग म्हणतात. त्यासाठीच्या बांधण्या आता वजनाने अगदी हलक्या झाल्या आहेत. परंतु चढताना टाच मोकळी आणि पाऊल आडवे हलणार नाही, हे तत्त्व तेच राहिले आहे.

१८९६ च्या अखेरीस झदार्स्की यांनी आपले तंत्र पुस्तकरूपाने मांडले. एकच लांब काठी, फळ्यांची मागची टोके रुंद करून वेग आवरणे आणि नियंत्रित वळणांनी उतरणे हा त्याचा गाभा होता. व्हिएन्नाहून आगगाडीने माणसे येऊ लागली आणि झदार्स्की यांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. फी म्हणून ते काही घेत नसत. पुढच्या वर्षांत हजारो लोक त्यांच्या हाताखालून गेले. शिस्त मात्र कडक होती. गुरुजींनी सांगितल्याखेरीज कोणी उतारावर पाऊल टाकायचे नाही.

१९ मार्च १९०५ रोजी मुकेनकोगेल या डोंगरावर त्यांनी एक शर्यत भरविली. उतारावर ८५ दरवाजे रोवले होते आणि प्रत्येकातून वळत खाली यायचे होते. २४ स्पर्धक उतरले, त्यांत एक स्त्रीही होती. वेळ मोजली गेली, तसे पडणेही मोजले गेले. आजच्या स्लालम शर्यतीचे मूळ अनेकजण या दिवसात पाहतात. (स्लालमला आधुनिक रूप दिले ते अर्नोल्ड लन या इंग्रज गृहस्थांनी १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथे. या लन यांचा जन्म मद्रासचा, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.) पडण्याचा इतका बाऊ कशासाठी, असे तेव्हाच्या धाडसी तरुणांना वाटले असणार. परंतु पडणाऱ्या माणसाचा धक्का बर्फाच्या थरांवर हलक्या वळणापेक्षा कितीतरी अधिक भार टाकतो, हे आज हिमस्खलनाच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवितात.

त्यांच्या तंत्राला विरोधही झाला. नॉर्वेच्या पद्धतीचे पुरस्कर्ते त्यांच्यावर तुटून पडले. त्यावर १९०५ मध्ये हास्सा होर्न हे नॉर्वेचे जाणकार लिलियेनफेल्डला आले आणि तीव्र उतारावर ही पद्धत चालते, हे प्रत्यक्ष पाहून गेले. ऑस्ट्रियन सैन्यातील अधिकारी गेऑर्ग बिल्गेरी यांच्याशी त्यांचा वाद तर कटुतेच्या टोकाला पोहोचला. बिल्गेरी दोन काठ्यांचे समर्थक होते आणि काळाने या बाबतीत कौल त्यांच्या बाजूने दिला. झदार्स्की हट्टी होते, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१५ मध्ये इटली ऑस्ट्रियाविरुद्ध उतरला. आल्प्सच्या शिखरांवर, तीन हजार मीटर उंचीवर खंदक खोदले गेले. ज्या उतारांवर हिवाळ्यात गुराखीही फिरकत नसत, तेथे हजारो सैनिक महिनोन्महिने राहू लागले. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलाडा पर्वतावरील ऑस्ट्रियन छावणीवर हिमलोट कोसळून अडीचशेहून अधिक सैनिक गेले, ही त्या आघाडीवरची सर्वांत भीषण घटना. या युद्धात झदार्स्की यांना कार्निक आल्प्सच्या आघाडीवर पर्वतविषयक सल्लागार म्हणून नेमण्यात आले होते. कोणत्या वाटेने तुकडी न्यावी, कोठे छावणी टाकू नये, हे सांगणे त्यांचे काम. त्या काळी बर्फाविषयी त्यांच्याइतके जाणणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी होती.

बर्फ कोसळतो कसा, हे समजण्यासाठी आपल्या खळ्यात यावे. ज्वारीची रास उतरती करून तिच्यावर एक रुंद फळी ठेवली, तर ती काही काळ तशीच राहते. वर कोणी पाय दिला की खालचे दाणे घरंगळतात आणि फळी एकदम सुटते. पर्वतावर वाऱ्याने दाबलेला बर्फाचा घट्ट थर ही ती फळी आणि त्याखाली साखरेसारखा दाणेदार, एकमेकांना न चिकटणारा बर्फ हे ते दाणे. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार यासाठी सर्वाधिक धोक्याचा, आणि स्की करण्यासाठी मौजेचा उतारही नेमका तोच. माणसे दगावतात अशा बहुतेक घटनांत हा थर सुटतो तो त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या भाराने. वरून तो पांढरा, गुळगुळीत आणि निरुपद्रवी दिसतो. झदार्स्की यांनी बर्फाच्या या निरागस रूपाला कोकराचे कातडे पांघरलेल्या वाघाची उपमा दिली होती.

आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर आला आणि १५१ माणसे गेली. तेथे बर्फ नव्हता, पाण्याने फुगलेली माती होती. पण वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असलेला उतार एका सकाळी चालू लागतो, हे या जिल्ह्याने पाहिलेले आहे.

२५ फेब्रुवारी १९१६ रोजी झदार्स्की साठ वर्षांचे झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, हिमस्खलनात सापडलेल्या सैनिकांच्या मदतीसाठी ते निघाले असता वरून दुसरा लोट आला आणि त्याने त्यांनाच गाडले. वाहता बर्फ थांबला की क्षणात सिमेंटसारखा आवळतो, आतल्या माणसाला बोटही हलविता येत नाही. सोबत्यांनी त्यांना बाहेर काढले तेव्हा शरीरात मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांची संख्या सुमारे ऐंशी भरली. पाठीच्या कण्याचे मणकेही जागचे हलले होते. आयुष्यभर दुसऱ्यांना सावध करणारा हा माणूस चुकला, असे म्हणता येईल का? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. शोधपथकाला जागा निवडता येत नाही; जेथे माणसे गाडली गेली तेथेच जावे लागते, आणि जेथे एकदा बर्फ सुटला तेथे वरचा उरलेला बर्फ लटकत असतो. कौशल्य पायांत असते, ते डोक्यावरच्या उताराला थांबवू शकत नाही.

झदार्स्की जगले. अंथरुणात असतानाच त्यांनी स्वतःसाठी व्यायाम आखले आणि शिक्षक ज्या चिकाटीने वर्गातल्या मागे राहिलेल्या मुलाकडे पाहतो, तसे ते आपल्या शरीराकडे पाहत राहिले. वेदना अखेरपर्यंत सोबत राहिल्या, पण ते पुन्हा स्कीवर उभे राहिले.

स्कीची बांधणी आणि स्लालम यांपेक्षा मोठे काम त्यांनी यानंतर केले, असे म्हटले तर त्यांचे क्रीडाप्रेमी चाहते रागावतील. आपण गाडले गेलो तेव्हा बर्फाचा दाब कसा आला, शरीर कोणत्या बाजूंनी पिळले गेले, हे त्यांनी एखाद्या वैद्याच्या अलिप्ततेने लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस त्यांचे हिमस्खलनांवरील लेखन पुस्तकरूपाने आले. आतून पाहिलेल्या हिमस्खलनाचे इतके बारकाईचे वर्णन तोवर क्वचितच कोणी केले होते. पुढे बर्फाचा अभ्यास करणाऱ्यांनी ते आधाराला घेतले.

आज त्या अभ्यासाचे शास्त्र झाले आहे. भारतात त्यासाठी १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था स्थापन झाली आणि २०२० मध्ये ती संरक्षण खात्याच्या चंदीगड येथील भू-माहितीविषयक संशोधन संस्थेत विलीन झाली. डोंगरात जाणाऱ्याने काय पाहावे, हेही आता ठरून गेले आहे. जवळच्या उतारावर ताजा हिमलोट पडला आहे का, पाय टाकताच बर्फातून दबका, पोकळ आवाज येतो का, पावलापासून भेगा पळतात का, नुकताच जोराचा बर्फ किंवा वारा होऊन गेला का, ऊन एकाएकी चढले का. संशयाचा उतार ओलांडायचाच झाला तर एका वेळी एकानेच. प्रत्येकाच्या अंगावर संकेत देणारे यंत्र, पाठीवर घडीची लांब सळई आणि फावडे. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर जगण्याची शक्यता बरीच असते, अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने घसरते. म्हणजे वाचवू शकतो तो शेजारचा सोबती. हेलिकॉप्टर पोहोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

एवढे असूनही १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या अफरवाट शिखराच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू गेले आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्गला रशियाचा एक. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर हिमलोट आला, त्यात पंचवीसहून अधिक माणसे दगावली; तीही शिकण्यासाठीच गेली होती. पुण्या-मुंबईची तरुण मंडळी आता हिवाळ्यात गुलमर्ग आणि औलीला स्की शिकायला जातात. आखलेल्या, राखलेल्या उतारावर फारशी भीती नसते. दोरीपलीकडचा कोरा बर्फ दिसला की मात्र मन खेचले जाते.

झदार्स्की यांचे निधन २० जून १९४० रोजी सांक्ट प्योल्टेन येथे झाले. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत त्या बातमीकडे फार कोणाचे लक्ष गेले नाही. हाबर्नराइटच्या त्यांच्याच जमिनीत, ज्या डोंगरावर त्यांनी पहिली जोडी कापून लहान केली, त्याच्या कुशीत त्यांचे दफन झाले. वादळात अडकलेल्या दोन-तीन माणसांना अंगावर ओढून बसता यावे, म्हणून त्यांनी एक हलकी कापडी पिशवी तयार केली होती. आल्प्समधील बचाव पथकांच्या पाठीवरच्या सामानात ती आजही असते आणि तिला झदार्स्की यांच्याच नावाने ओळखतात.