मृत्तिकासाधिका ॲडलेड रॉबिनो

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे हा परिपाठ आहे. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र सादर करीत आहोत त्या बाई परदेशस्थ होत्या. आपल्या ज्ञातीशी किंवा देशाशी त्यांचा काही संबंध आला नाही; परंतु माती, चाक आणि भट्टी या तिहींशी त्यांचा जो संबंध जडला तो जन्मभर सुटला नाही. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चाक फिरत आले त्या घरांतील वाचकांना त्यांची ओळख परकी वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

ॲडलेड ऑल्सॉप यांचा जन्म अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मिडलटाउन या गावी ९ एप्रिल १८६५ रोजी झाला. त्या काळी अमेरिकेतील मध्यमवर्गीय स्त्रियांमध्ये चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे काढण्याची कला फार लोकप्रिय होती. कारखान्यात तयार झालेली पांढरी बशी किंवा फुलदाणी विकत आणावयाची, तिच्यावर गुलाब वा पाखरे रंगवावयाची आणि लहानशा भट्टीत रंग पक्का करावयाचा, असा तो उद्योग. घराबाहेर नोकरी करणे जेथे अवघड, तेथे कित्येक स्त्रियांना त्याच्यावर चार पैसे मिळत. ॲडलेड यांनी हीच कला बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने हस्तगत केली, मिनेसोटा राज्यातील मुलींच्या एका शाळेत ती शिकविली आणि पुढे न्यूयॉर्क येथे विल्यम मेरिट चेस या नामांकित चित्रकाराच्या हाताखाली चित्रकलेचेही शिक्षण घेतले.

१८९९ साली सॅम्युएल रॉबिनो या मूळच्या फ्रेंच गृहस्थांशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात उभयतांनी ‘केरॅमिक स्टुडिओ’ नावाचे मासिक सुरू केले. भांडी रंगविणाऱ्या स्त्रियांना नमुने, रंगांच्या कृती व सूचना पुरविणे हा त्याचा हेतू. हे मासिक चांगले चालले. बाईंचा पुढचा सारा प्रपंच, तीन मुलांचे संगोपन आणि भट्टीचा अवाढव्य खर्च यांना बहुतांशी त्याचाच आधार होता. हे सांगणे आम्हास अगत्याचे वाटते. कारण कलावंताच्या चरित्रात त्याच्या चुलीवर काय शिजत होते आणि कोणाच्या पैशाने, ही गोष्ट चरित्रकार सहसा सांगत नाहीत.

मासिक चालविता चालविता मात्र बाईंच्या मनात एक असमाधान घर करू लागले. भांडे दुसऱ्याने घडवावे, दुसऱ्याने भाजावे आणि आपण केवळ वरून फुले काढावी, यात आपले असे काय, हा प्रश्न त्यांना टोचू लागला असला पाहिजे. निदान त्यांच्या पुढील आयुष्यावरून तरी आम्हास तसे दिसते. फ्रान्समधील सेव्र येथील प्रख्यात कारागीर टॅक्सिल डोआ यांनी उच्च तापमानात भाजावयाच्या चिनी मातीविषयी लिहिलेला प्रबंध सॅम्युएल यांनी इंग्रजीत उतरविला आणि १९०३ च्या सुमारास तो मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाला. इतरांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. बाईंनी तो भट्टीशी नेऊन ठेवला. न्यूयॉर्क राज्यातील अल्फ्रेड येथे चार्ल्स बिन्स यांच्या देखरेखीखाली मृत्तिकाकामाचे एक विद्यालय नुकतेच निघाले होते. तेथे थोडे दिवस शिक्षण घेऊन बाई चाकावर बसल्या. तेव्हा त्यांचे वय सदतीस-अडतीस वर्षांचे होते आणि पदरी लहान मुले होती.

येथे आपल्याकडील स्थितीचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आपल्या घरांतून माती चाळावी बायकांनी, मळावी बायकांनी, भांड्यास रंग द्यावा बायकांनी, डोक्यावर हारा घेऊन बाजार गाठावा तोही बायकांनीच. परंतु चाकाला स्त्रीने हात लावू नये, अशी रूढी बहुतेक ठिकाणी होती. अमेरिकेत अशी धर्माज्ञा नव्हती, तरी तेथील कारखान्यांतही चाक पुरुषाचे आणि कुंचला स्त्रीचा, अशीच वाटणी पडून गेली होती. ती वाटणी रॉबिनोबाईंनी कोणतेही भाषण न करता मोडली. माती सिद्ध करणे, चाकावर घडविणे, कोरणे, झिलईचे मिश्रण बनविणे, भट्टी लावणे, ही सर्व कामे एकाच व्यक्तीने करावी हा त्यांचा आग्रह. भट्टीच्या कामी पतीची साथ असे, पण हात मातीत असत ते बाईंचेच.

चिनी माती चाकावर घडविणे किती बिकट असते हे तांबड्या मातीची सवय असलेल्यांना एकदम ध्यानात येणार नाही. आपली गाळाची माती चिवट; ती हाताचे ऐकते. चिनी माती त्या मानाने अगदी हट्टी. तिला ताणले की ती फाटते, वाळताना व भाजताना ती पुष्कळ आकसते, आणि भट्टीत मऊ पडून कलंडते. आपला आवा सामान्यतः ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. चिनी मातीला १३०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. तेथे चूक झाली तर भांडे कच्चे राहत नाही, त्याचा आकारच नाहीसा होतो.

एवढ्यावर न थांबता बाईंनी अत्यंत बेभरवशाचा मार्ग धरला, तो स्फटिकी झिलईचा. ही झिलई म्हणजे काय ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. सामान्य झिलई ही काचेचा पातळ थर असते. वितळलेली काच भांड्यावर पसरते व निवताना गोठते. परंतु तिच्यात जस्ताचे भस्म भरपूर घातले, वजनाने जवळजवळ चौथा हिस्सा, आणि ज्या ॲल्युमिनामुळे काच घट्ट व स्थिर राहते तो अगदी कमी ठेवला, तर निवताना जस्त व सिलिका यांचा संयोग होऊन काचेच्या पोटातच स्फटिक वाढू लागतात. विलेमाइट नावाच्या खनिजाचे ते स्फटिक. एका सूक्ष्म बिंदूपासून बारीक सुया चोहोबाजूंनी फुटतात, त्यांचा पंखा होतो, पंख्यांचे फूल होते. कोबाल्ट घातल्यास निळे, तांबे घातल्यास हिरवे, अशी त्यांची रंगतही पालटते.

आमच्या गृहिणी वाचकांनी खडीसाखर आठवावी. साखरेचा दाट पाक हळूहळू, न हलविता निवू दिला तर मोठे खडे धरतात. तोच पाक घोटत घोटत भराभर निवविला तर पिठी होते. भट्टीतही हाच न्याय. उष्णता शिखरास पोहोचली की ती शे-दीडशे अंशांनी उतरवावयाची आणि तेथे काही तास स्थिर राखावयाची. त्या तासांत स्फटिक वाढतात. उष्णता वर राहिली तर बीजच धरत नाही, लवकर खाली गेली तर साऱ्या पृष्ठावर बारीक कणी दाटते. आज विजेच्या भट्टीत यंत्र हे काम करते. बाईंच्या काळी डोळ्यांनी ज्वाळा पाहून आणि ठराविक उष्णतेला वाकणारे मातीचे लहान शंकू भट्टीत ठेवून हे जोखावे लागे.

आणखी एक संकट असे की ही झिलई पाण्यासारखी पातळ होते आणि भांड्यावरून ओघळून खाली येते. बूड भट्टीच्या फळीस चिकटले तर भांडे आणि फळी दोन्ही गेली. निघाले तरी बुडाचा काचेचा काठ घासून काढावा लागे आणि त्यात कधी कधी भांडे तडकावयाचे. कोपेनहेगन व सेव्र येथील मोठ्या राजाश्रयी कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही झिलई साधली होती आणि १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर मांडली होती. पण तेथे रसायनशास्त्रज्ञांचा ताफा होता. सिराक्यूज या बर्फाळ गावी घराशेजारच्या कामशाळेत एक गृहिणी तोच प्रयोग मिश्रणाची पुनःपुन्हा तोलमाप करीत स्वतः चालवीत होती.

आरंभी त्या दांपत्याने साच्यातून भांडी काढून विकण्याचा उद्योगही करून पाहिला. स्फटिकी झिलईच्या दारांच्या मुठीसुद्धा त्यांनी बनविल्या. व्यवहाराच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते आणि आमच्या मते घरच्या खर्चाला हातभार लागता तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु बाईंचे मन त्यात रमले नाही. एकासारखी दुसरी वस्तू काढणे त्यांनी सोडून दिले आणि प्रत्येक भांडे स्वतंत्रपणे चाकावर घडवू लागल्या. १९०४ साली सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनात त्यांनी आपली स्फटिकी झिलईची भांडी मांडली. स्फटिक कोठे उमलेल आणि किती, हे कारागिराच्या हाती नसते. ज्या बाईंनी प्रत्येक पायरी स्वतःच्या हाती घेतली त्यांनीच शेवटची पायरी अशी अग्नीच्या स्वाधीन करावी, यात आम्हास विसंगती दिसत नाही. आवा लावणाऱ्या कोणत्याही घराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

१९०९ साली सेंट लुइसजवळील युनिव्हर्सिटी सिटी येथे एडवर्ड लुइस या प्रकाशकाने स्त्रियांच्या शिक्षणासाठी एक संस्था काढली व तिच्या मृत्तिकाशाळेवर फ्रान्सहून साक्षात् टॅक्सिल डोआ यांना आणले. ज्यांचा प्रबंध वाचून बाई या मार्गास लागल्या, त्यांच्याच समवेत काम करण्याचा योग आला. तेथे १९१० साली त्यांनी जे भांडे घडविले ते ‘स्कॅरॅब व्हास’ म्हणून जगप्रसिद्ध आहे. स्कॅरॅब म्हणजे गोळा ढकलीत नेणारा शेणकिडा, ज्यास प्राचीन मिसर देशात पवित्र मानीत. हे किडे या झाकणदार भांड्याच्या अंगावर नक्षीच्या रूपाने पुनःपुन्हा कोरलेले आहेत आणि बाईंनी त्यास श्रमिकाच्या देवत्वाचे नाव दिले होते. उंची जेमतेम एक हात. पण कोरीव कामास एक हजाराहून अधिक तास लागले. हे कोरणे भाजण्यापूर्वीच, वाळलेल्या कच्च्या मातीत करावयाचे. हात किंचित जड पडला की महिन्यांचे काम हातात भुगा होऊन यावयाचे.

ते पहिल्या भाजणीतून बाहेर निघाले तेव्हा बुडाशी तडे गेलेले होते. डोआ यांचा अनुभव दांडगा. त्यांनी सल्ला दिला की तडे भरून वरून झाकून टाकावे. कारागिरीत असे करण्याची चाल आहे आणि पाहणाऱ्यास ते कळलेही नसते. बाईंनी तो सल्ला मानला नाही. भाजलेल्या चिनी मातीची पूड करून ती त्यांनी तड्यांत भरली, भांड्यास पुन्हा झिलई दिली आणि ते पुन्हा त्याच प्रखर अग्नीत ठेवले. दुसऱ्या भाजणीत हजार तासांचे काम समूळ जाण्याचा धोका होता. झाकलेल्या तड्यासह प्रदर्शनात मिरवावे की सारे गमवावे लागले तरी बेहत्तर म्हणून अग्नीस द्यावे, हा तो निवाडा होता. तडे सांधले गेले आणि भांडे निर्दोष बाहेर आले. ते तसे आले नसते तरी त्यांचा निर्णय आम्ही योग्यच म्हटला असता.

१९११ साली इटलीतील तूरिन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात हे भांडे धरून बाईंच्या पंचावन्न वस्तू मांडल्या होत्या व तेथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. लुइस यांची संस्था मात्र आर्थिक अडचणींत सापडली आणि बाई सिराक्यूजला परतल्या. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनातही त्यांचा मोठा गौरव झाला. १९१६ साली सिराक्यूजच्या कलासंग्रहालयाने त्यांची बत्तीस भांडी विकत घेतली. १९२० पासून त्या तेथील विद्यापीठात शिकवू लागल्या. मासिकाचे संपादन अखेरपर्यंत चालूच होते. हे सन्मान विस्ताराने सांगण्याचे आम्हास कारण दिसत नाही.

१८ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, सिराक्यूज येथे त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या भांड्यांचे स्मृतिप्रदर्शन भरविले. ‘स्कॅरॅब व्हास’ १९३० साली सिराक्यूजच्या संग्रहालयात आला. ते संग्रहालय १९५९ पासून एव्हर्सन या नावाने ओळखले जाते. तेथील संचालिका ॲना ओम्स्टेड यांनी १९३२ साली बाईंच्या स्मरणार्थ मृत्तिकाकामाचे प्रदर्शन सुरू केले. पहिल्या वर्षी ते न्यूयॉर्क राज्यातील कारागिरांपुरते होते. पुढील वर्षापासून देशाच्या सर्व भागांतील कुंभार आपली भांडी पेंढ्यात बांधून सिराक्यूजला पाठवू लागले.