राणीच्या पाठीशी बांधलेले मूल

घोड्यावर स्वार झालेल्या राणी लक्ष्मीबाईंचा पुतळा आपण सर्वांनीच पाहिला आहे. त्यांच्या पाठीशी बांधलेल्या बालकाचे पुढे काय झाले, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

ते बालक म्हणजे दामोदरराव. मूळ नाव आनंदराव. नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्युशय्येवरील गंगाधररावांनी त्यांस दत्तक घेतले. डलहौसीने दत्तकविधान नाकारून १८५४ मध्ये झाशी खालसा केली. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरीस राणीसाहेब धारातीर्थी पडल्या, तेव्हा दामोदरराव अवघे आठ वर्षांचे होते. मोजक्या निष्ठावंतांसह सुमारे दोन वर्षे रानोमाळ भटकून अखेर ते इंग्रजांच्या स्वाधीन झाले. १८६० पासून इंदुरास वास्तव्य व वार्षिक १०,००० रुपयांची नेमणूक. झाशी परत मिळाली नाही ती नाहीच. १९०६ मध्ये तेथेच त्यांचा देहान्त झाला. वंशजांनी ‘झाशीवाले’ हे आडनाव धारण केले. गेलेल्या राज्याची ती रोजचीच आठवण.

आईची कीर्ती देशाची झाली, मुलाचे दुःख घरातच राहिले. सेक्टर ६ मधील आम्हां भिलाईकरांच्या घरांतही अशा मिटलेल्या कहाण्या असतील. वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्या विचारून घ्याव्यात, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षी आमची विनंती.