श्रमिकांचे कैवारी कै. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या संघाचे वार्षिक संमेलन बहुधा रविवारीच भरते. वधूवर मेळावा असो, विद्यार्थ्यांचा गुणगौरव असो की कार्यकारिणीची बैठक असो, तारीख ठरविताना प्रथम रविवारच पाहिला जातो. त्या दिवशी नोकरदार मोकळा असतो, कामगार मोकळा असतो, चार गावचे बांधव एकत्र जमू शकतात. परंतु हा मोकळा दिवस मुंबईच्या गिरणी कामगारास कोणी फुकट दिलेला नाही. तो मिळविण्यासाठी हजारो निरक्षर माणसांना एकत्र यावे लागले, आणि त्यांना एकत्र आणणारा पुरुष फुलमाळी कुळात जन्मला होता. कै. नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र स्मरणिकेच्या पानांवर देताना म्हणूनच आम्हास विशेष धन्यता वाटते.

लोखंडे यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. पोटापाण्यासाठी ते ठाण्यास आले आणि तेथे १८४८ साली नारायणरावांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच होती. तरीही त्यांनी मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण घेतले. त्या काळी बहुजन समाजातील मुलाने एवढी मजल मारणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. पुढे रेल्वेत आणि टपालखात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून रुजू झाले. पगार बरा होता, मान होता. दुसरा एखादा गृहस्थ तेवढ्यावर समाधान मानून स्वस्थ बसला असता. नारायणरावांना मात्र कोठाराच्या दारातून समोरचा सारा कारखाना दिसत होता.

तेथे त्यांनी काय पाहिले? कोकणातून आणि देशावरून आलेले कुणबी, मराठे, माळी, महार, मुसलमान असे नाना जातींचे लोक गिरणीत राबत होते. दिवस उजाडल्याबरोबर भोंगा होई आणि अंधार पडेपर्यंत यंत्रे चालत. आठवड्याच्या ठराविक सुटीची शाश्वती नव्हती. यंत्रे थांबली तरी ती पुसण्यात आणि साफ करण्यात दिवस जाई. महिन्याचा पगार पुढला महिना बराच लोटल्यावर हाती पडे आणि तोवर वाण्याची उधारी वाढत राही. यंत्रात हात सापडून निकामी झाला तर तो कामगाराच्या नशिबाचा भोग समजला जाई. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला खरा. परंतु त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले, एवढेच. मोठ्या माणसांच्या व स्त्रियांच्या कामाच्या तासांविषयी त्यात काही नव्हते.

नारायणरावांच्या मनाची मशागत महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांनी झाली होती. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्या कार्यास मुंबईत जे खंदे सहकारी लाभले, त्यांत लोखंडे अग्रभागी होते. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र आर्थिक अडचणींमुळे बंद पडण्याच्या बेतास आले, तेव्हा १८८० साली नारायणरावांनी त्याची धुरा उचलली आणि ते मुंबईहून चालविले. शेतकरी आणि कामगार यांची गाऱ्हाणी वेशीवर टांगणारे दुसरे पत्र त्या काळी विरळाच. या कामापायी त्यांनी गिरणीची सुखाची नोकरीही सोडली.

१८८४ साली सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. या प्रसंगी एक चमत्कारिक वाद उपस्थित झाला होता. हिंदुस्थानात कायदा व्हावा म्हणून विलायतेतील लँकेशायरचे गिरणीवाले ओरड करीत होते, ती येथील गिरण्यांच्या स्पर्धेच्या भीतीने. त्यामुळे येथील गिरणीमालक आणि अनेक देशी वृत्तपत्रे म्हणत, की हा कायदा म्हणजे स्वदेशी धंद्याच्या मुळावर घातलेला घाव होय. या म्हणण्यात तथ्यांश होता. परंतु दोन्ही बाजूंच्या या भांडणात प्रत्यक्ष राबणाऱ्या माणसास मात्र कोणी विचारले नव्हते.

नारायणरावांनी नेमके तेच केले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांची सभा भरविली. सुमारे चार हजार कामगार जमले. त्यांच्या मागण्या साध्या होत्या. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचा अधू झाल्यास पोटापुरती तजवीज व्हावी. या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी आपली नावे घातली. ज्यांना आपले नाव कागदावर कसे दिसते हेही ठाऊक नव्हते, अशांनी मालकाच्या रोषाची पर्वा न करता ते नाव सरकारदरबारी रुजू केले, हेच त्या निवेदनाचे खरे मोल होय. याच चळवळीतून ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था पुढे आली व नारायणराव तिचे अध्यक्ष झाले.

निवेदन गेले, परंतु सुटी आली नाही. एक वर्ष नव्हे, दोन वर्षे नव्हेत, तब्बल सहा वर्षे हा झगडा चालला. सभा होत होत्या, अर्ज जात होते, ‘दीनबंधु’ लिहीत होते. अखेर २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची प्रचंड सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही उभे राहून आपले म्हणणे मांडले. ज्या काळी सुशिक्षित घरच्या स्त्रियाही सभेत क्वचितच बोलत, त्या काळी गिरणीतल्या बायकांनी हजारोंच्या पुढे तोंड उघडले, ही गोष्ट प्रत्येक भगिनीने ध्यानी घ्यावी. त्यानंतर दीड-दोन महिन्यांतच, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. आपल्याकडे रविवार हा खंडोबाचा वार. देवाच्या वारी घरी राहण्याचा हक्क कष्टकऱ्याने एकजुटीने मिळविला.

त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामात मुंबईच्या कामगारांची बाजू मांडण्यासाठी लोखंडे यांना स्थान मिळाले. पुढे १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आणि मुलांसाठी किमान नऊ वर्षांचे वय या गोष्टी आल्या.

नारायणरावांची दृष्टी गिरणीच्या फाटकापाशी थांबणारी नव्हती. १८९० सालीच त्यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. ज्याच्या हाती वस्तरा, त्यानेच तो खाली ठेवला, तर रूढी किती दिवस टिकणार? १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा भीषण दंगा झाला, तेव्हा दोन्ही समाजांतील कामगारांस राणीच्या बागेत एकत्र बोलावून त्यांनी सलोख्यासाठी खटपट केली. सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी आणि जस्टिस ऑफ द पीस हा मान दिला. तथापि त्यांची खरी पदवी चाळीचाळींतून लोकांनी दिलेली होती.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. धनिक शहर सोडून जाऊ लागले, गिरण्या ओस पडू लागल्या. नारायणराव मात्र जागचे हलले नाहीत. मराठा हॉस्पिटल उभारून ते रुग्णसेवेत गढून गेले आणि त्या सेवेतच प्लेगने त्यांना गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. पुढे महिन्याभरातच, १० मार्च रोजी, पुण्यास सावित्रीबाई फुले याही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या.

कालांतराने कृतज्ञतेची काही चिन्हे उभी राहिली. मुंबईतील शासकीय श्रमविज्ञान संस्थेस त्यांचे नाव दिले गेले आणि २००५ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. परंतु स्तुतीच्या भरात एक सत्य झाकून ठेवणे उचित होणार नाही. त्यांच्या असोसिएशनला बांधीव सभासदत्व नव्हते, वर्गणी नव्हती, निधी नव्हता, लेखी नियम नव्हते. ती एका माणसाच्या खांद्यावर उभी होती. तो खांदा गेला आणि संस्थाही विरून गेली. पुढील पिढीच्या कामगारांना संघटनेचा पाया पुन्हा नव्याने घालावा लागला.

समाजबांधवहो, या चरित्रापासून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही, की नारायणराव आपल्या ज्ञातीचे म्हणून आपणास त्यांचा अभिमान वाटतो. परंतु त्यांनी सही मागताना कोणाची जात विचारली नाही. त्यांच्या नावाने संघ चालविणाऱ्यांनी आपल्या ज्ञातीच्या कुंपणाबाहेर पाहिले नाही, तर तो अभिमान पोकळ ठरेल. दुसरी ही, की कर्त्या पुरुषाच्या मागे संस्था टिकवावयाची असेल तर वर्गणी वेळेवर द्यावी, हिशेब चोख ठेवावा आणि तरुणांच्या हाती वेळीच काम सोपवावे. हार घालणे सोपे आहे. खांदा देणे कठीण आहे.

येत्या रविवारी आपण निवांत उठाल, मुलाबाळांत बसाल, कदाचित संघाच्या बैठकीसही याल. तेव्हा सुपारीबागेत नाव घालणाऱ्या त्या साडेपाच हजार अनामिकांची आणि त्यांच्या पुढे उभ्या राहिलेल्या या थोर पुरुषाची क्षणभर आठवण करावी, एवढीच विनंती. त्यांच्या पुण्यस्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.