सुरखीचा हिशेब : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबर हा दिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या तसबिरीला हार घातला जातो, कृष्णराजसागराचे नाव घेतले जाते आणि समारंभ आटोपतो. त्या धरणाची लांबी-उंची पुष्कळांना पाठ असते. पण त्याचे दगड कशाने सांधले आहेत, हे फारसे कोणी विचारीत नाही. त्या सांध्यांमागचा विचार आजही उपयोगी पडणारा आहे. अदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगुसारख्या गावात जुने घर पाडून स्लॅबचे घर उभारणाऱ्या शेतकऱ्यालाही तो उपयोगी पडावा. त्याच अंगाने या थोर पुरुषाचे चरित्र थोडक्यात पाहू.

विश्वेश्वरय्यांचा जन्म चिक्कबळ्ळापूरजवळील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे पंडित. घरी विद्या होती, पैसा नव्हता. त्यात पितृछत्र लवकरच हरपले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी आपले शिक्षण चालविले आणि १८८१ साली सेंट्रल कॉलेजातून बी. ए. झाले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. १८८३ साली स्थापत्याच्या परीक्षेत ते पहिले आले व पुढल्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. नाशिक, धुळे, सुरत, पुणे आणि सिंधमधील सक्कर येथे त्यांची सेवा झाली. ऐन उमेदीची ही वर्षे बव्हंशी मराठी मुलखात गेली, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

आहे त्या साधनातून अधिक काम काढणे, हा त्यांच्या बुद्धीचा विशेष याच काळात दिसू लागला. नीरा कालव्यावर १८९९ च्या सुमारास त्यांनी सुचविलेली ब्लॉक पद्धत घ्या. तिच्यात पिकांची पाळी बांधून तेच पाणी अधिक शेतकऱ्यांपर्यंत नेण्याची योजना होती. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. भिंत न वाढविता तलावाची पातळी सुमारे आठ फूट वर नेता आली.

१९०८ च्या सप्टेंबरात हैदराबादेत मूसी नदीला प्रलयंकारी पूर आला व हजारो माणसे दगावली. इलाख्याच्या नोकरीतून बाहेर पडलेल्या विश्वेश्वरय्यांना निजाम सरकारने १९०९ साली बोलावून घेतले. मूसी व तिची उपनदी ईसी यांवर जलाशय बांधून पूर अडवावा, अशी योजना त्यांनी मांडली. त्यातूनच पुढे उस्मानसागर व हिमायतसागर उभे राहिले. आजचा अदिलाबाद जिल्हा त्या वेळी याच निजामी राज्याचा भाग होता.

त्याच वर्षी म्हैसूर संस्थानाने त्यांना मुख्य अभियंता नेमले. कावेरीवर मोठे धरण बांधण्याची कल्पना त्यांच्या आधीच निघाली होती. तिला तडीस नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. संस्थानाने ८१ लाख रुपये मंजूर केले आणि १९११ च्या नोव्हेंबरात काम सुरू झाले. दहा हजारांच्या आसपास मजूर कामावर होते.

येथे प्रश्न आला सिमेंटचा. हिंदुस्थानात त्या वेळी म्हणण्यासारखे सिमेंट तयार होत नव्हते. पोरबंदरचा कारखाना चालू झाला तो १९१४ साली. परदेशी सिमेंट आणावे तर खर्च आवाक्याबाहेर जाणार. म्हणून धरणाच्या दगडी बांधकामाला चुना व सुरखी यांचा मसाला वापरण्यात आला. सुरखी म्हणजे भाजलेल्या मातीची किंवा विटांची बारीक पूड. नुसता चुना हवेतील कर्बवायू घेऊन सावकाश आवळतो व पाण्याखाली त्याचा भरवसा नसतो. सुरखीतील सिलिका व अ‍ॅल्युमिना यांची ओल्या चुन्याशी रासायनिक क्रिया होते आणि मसाला पाण्यातही घट्ट होतो. मात्र माती योग्य तितकीच भाजलेली हवी. कच्ची राहिली तर ती चिखल; फार भाजून काचेसारखी झाली तर पुडीत जोर उरत नाही. दळण बारीक हवे, प्रमाण नेमके हवे. सुरखी स्वस्त होती. निष्काळजीपणे वापरण्याजोगी नव्हती.

१९१२ साली विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले व १९१८ साली त्या पदावरून दूर झाले. मद्रास सरकारशी कावेरीच्या पाण्याचा वाद चालूच होता. तो १९२४ च्या कराराने मिटला. धरण पुरे झाले ते १९३१ साली, इतरांच्या हातून. त्यापायी हजारो माणसांची घरे पाण्याखाली गेली, ही किंमतही हिशेबात धरलीच पाहिजे. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. शंभरी गाठून १९६२ च्या एप्रिलमध्ये ते निवर्तले. सुरखीने सांधलेले धरण आजही उभे आहे.

आता आपल्या काळाकडे वळू. सिमेंटची टंचाई राहिलेली नाही. अडचण उलट आहे. सिमेंटची क्लिंकर सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजावी लागते. तिच्यासाठी जळणारा कोळसा आणि चुनखडीतून निघणारा कर्बवायू मिळून जगाच्या एकूण कर्बवायूत सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांवर जातो. शिवाय खडीसाठी डोंगर फुटतात, वाळूसाठी नद्या खरवडल्या जातात, आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा ओढ्यानाल्यांत पडतो.

यावर सुरखीचाच विचार नव्या रूपात आला आहे. औष्णिक वीज केंद्रांतील राख सुरखीसारखेच काम करते. पोझोलाना सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत घालण्यास भारतीय मानक परवानगी देते. जुने काँक्रीट फोडून केलेली खडीही २०१६ पासून मानकात आली आहे. साध्या काँक्रीटमध्ये ती २५ टक्क्यांपर्यंत, लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये एम-२५ पर्यंतच्या प्रतीत २० टक्क्यांपर्यंत, आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे वापरता येते. ही मर्यादा उगाच नाही. अशा खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, ती पाणी अधिक पिते, आणि ध्यान न दिल्यास काँक्रीट कमजोर होते.

तलमडुगुच्या घरधन्याने यातून काय घ्यावे? हैदराबादेत जिडिमेटला येथे राडारोड्यापासून खडी-वाळू करण्याचा कारखाना २०२० साली सुरू झाला. पण हैदराबाद येथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर. तिकडून खडी आणली तर भाड्यातच बचत संपेल आणि डिझेलचा धूर वर. स्वस्त मालाची किंमत अंतर ठरविते. अदिलाबादचा सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखानाही बंद पडला, तेव्हा सिमेंटचे पोतेही बाहेरूनच येते. म्हणून जवळचे साधन आधी पाहावे. जुन्या घराच्या अखंड विटा, दगड, सागवानी चौकटी व कौले जशीच्या तशी पुन्हा वापरणे, यासारखी काटकसर नाही. तिला भट्टी लागत नाही. विटांचे स्वच्छ तुकडे जोत्याच्या भरावात किंवा गच्चीच्या कोब्यात जावेत. राखेचे सिमेंट बाजारात मिळतेच. ते सावकाश जोर धरते, म्हणून त्यावर पाणी मारण्यात कसूर नको. पण स्लॅब, तुळई व खांब यांत मातीने माखलेला राडारोडा तपासणीवाचून घालू नये. तेथे वाचविलेले चार पैसे घरातल्या माणसांच्या डोक्यावर टांगलेले राहतात.

कन्नड विभागाच्या वाचकांना कृष्णराजसागर सांगावयास नको, आणि मराठी वाचकांना खडकवासला. दोन्ही ठिकाणी एकच माणूस हिशेब मांडून बसला होता. हाताशी काय आहे, ते कितपत टिकेल, किती अंतरावरून येईल आणि त्याची किंमत कोण देईल, असे ते चार प्रश्न. आपल्या विद्यार्थ्यांनी येत्या अभियंता दिनाला हाराबरोबर वही-पेन्सिलही न्यावी. गावात पाडलेल्या एका घराचा माल कोठे गेला आणि नव्या घराचा कोठून आला, एवढे मोजून आणावे. तसबिरीतल्या त्या वृद्ध गृहस्थांना हे काम आवडले असते.