अंगणात आलेली शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक



आपल्या वासणा भागात सकाळी फेरफटका मारला, तर इवलीशी मुले आईचे बोट धरून आंगणवाडीत जाताना दिसतात. 'आंगणवाडी' हा शब्द आज गुजरातीतही इतका रुळला आहे की तो कोठून आला याचा विचार कोणी करत नाही. त्याच्यामागे एका मराठी बाईचे सारे आयुष्य उभे आहे, आणि त्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे आपल्या गुजरातेत गेली. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे होते. मुलींना शाळेत घालणेच लोकांना जड वाटे, अशा त्या काळात ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. पुढल्या वर्षी त्यांचे लग्न झाले व त्या अमरावतीला गेल्या. पण संसार सुखाचा झाला नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून वेगळ्या झाल्या आणि लहान मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यपद मिळाले. मानाची, पगाराची नोकरी होती.

त्याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी लहान मुलांसाठी बालमंदिर चालवले होते. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते मुलांत रमले. गुजरातेत त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणत. मादाम माँटेसरी यांची पद्धत त्यांनी इथल्या मातीत रुजवली : मार नाही, धाक नाही, गाणी, गोष्टी आणि हाताने करायची कामे. ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या. गुजराती भाषा त्यांनी आपलीशी केली आणि तिच्यात लेखनही केले. आपल्या वडोदऱ्यातील मराठी घरांना हे वेगळे सांगायला नको.

एक चांगली शाळा चालवून भागणार नाही, हे दोघांच्याही लवकर लक्षात आले. म्हणून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गावोगावी बालमंदिरे सुरू करू पाहणाऱ्या माणसांना एकत्र बांधणे, शिक्षिका तयार करणे आणि पालकांना समजावणे हे संघाचे काम. त्यासाठी 'शिक्षण पत्रिका' निघाली. आधी ती गुजरातीत होती. १९३३ पासून मराठीतही निघू लागली व ताराबाईंनी तिचे संपादन केले. पुढे त्या मुंबईला आल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला व शिक्षिकांचे प्रशिक्षणही होऊ लागले.

इथवर सारे छान चालले होते. तरी ताराबाईंना एक गोष्ट टोचत होती. माँटेसरीची साधने महाग, वर्ग नीटनेटके, मुले सुखवस्तू घरांतली. ज्या मुलाच्या घरी ना पुस्तक ना पुरेसे अन्न, त्याला या शिक्षणाची गरज सर्वांत जास्त होती, आणि नेमके तेच बाहेर राहत होते. गांधीजींच्या विचारांचाही त्यांच्या मनावर परिणाम झालेला होता. वयाची पन्नाशी उलटल्यावर, जमलेला जम मागे ठेवून, १९४५ च्या अखेरीस त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांच्या मदतीला आल्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा. स्वतःच्या हिमतीवर शिकून त्या पुण्यात शिक्षिका झाल्या होत्या. गुरू-शिष्येची ही जोडी शेवटपर्यंत टिकली.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातील मुले तिच्यात येईनात. शिवाशिव होती, गावातील काहींचा विरोध होता. शिवाय पोटासाठी पहाटे कामावर जाणाऱ्या आईला मुलाला न्हाऊ-माखू घालून शाळेत पोचवायला सवड कुठली? मुले येत नाहीत म्हणून पालकांना दोष देणे सोपे होते. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वाड्यात जाऊ लागल्या. तिथल्याच अंगणात मुलांचे हातपाय धुणे, नखे काढणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया आणि पाने आली. हीच आंगणवाडी! जागा वस्तीची, साहित्य परिसरातले, आणि शिकलेली बाई व मार्गदर्शन केंद्राचे, अशी ही वाटणी होती.

१९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. इथे नवी अडचण आली. थोरली मुलगी शाळेत येईना, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायचे असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. ताई वर्गात, धाकटे पाळण्यात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणावरच शाळा भरे. प्रत्येक वेळी मुलाची अडचण आधी पाहायची आणि शाळा तिच्याप्रमाणे बदलायची, हीच त्यांची रीत.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत चालवले. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. शिक्षणाला पोषण, लसीकरण आणि आरोग्य तपासणी जोडली गेली. सुरुवात ३३ गटांपासून झाली. आज देशात सुमारे १४ लाख आंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या एका अंगणातले नाव त्या सर्वांवर आहे.

मित्रांनो, आता जरा आपल्याकडे पाहू. वासणा रस्त्यावर नव्या इमारती उठत आहेत. त्यांच्या पायाशी वाळूच्या ढिगावर मजुरांची मुले खेळतात आणि सात-आठ वर्षांची ताई कडेवर भाऊ घेऊन उभी असते. कोसबाडला ताराबाईंना दिसली तीच ही मुलगी! तिच्यासाठी आपली शाळा काय करू शकेल? लगेच नवा वर्ग काढायलाच हवा असे नाही. ज्यांचे काम आहे त्यांचे हात बळकट करणे, हेही संघाने शिकवलेलेच काम आहे. विश्वस्तांनी आणि पालकांनी एकदा जवळच्या आंगणवाडीत जावे व तिथल्या ताईंना काय कमी पडते ते विचारावे. वरच्या वर्गातील मुलांनी चित्रे, गोष्टी, बियांचे खेळ तयार करून द्यावेत. आणि बांधकामावरची मुले तिथपर्यंत पोचत नसतील, तर ती का पोचत नाहीत, हे आधी त्यांच्या आईला विचारावे.

ताराबाईंनी बोर्डीत तेच केले होते. त्यांच्या कार्याला आपल्या शाळेचे विनम्र अभिवादन!