विल्यम मॅकग्रेगर

विल्यम मॅकग्रेगर (१८४६ – २० डिसेंबर १९११) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले व इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात स्थायिक झालेले कापडव्यापारी आणि क्रीडा प्रशासक होते. ॲस्टन व्हिला या क्लबचे पदाधिकारी असताना त्यांनी १८८८ मध्ये इंग्लंडमधील फुटबॉल लीगची स्थापना घडवून आणली. ही जगातील पहिली फुटबॉल साखळी स्पर्धा मानली जाते. म्हणून मॅकग्रेगर यांना 'लीगचे जनक' म्हणून ओळखले जाते. खेळाडू म्हणून त्यांची ख्याती नव्हती. ठरलेला सामना ठरलेल्या दिवशीच झाला पाहिजे, ही शिस्त फुटबॉलला लावणे हे त्यांचे मुख्य कार्य होय.

प्रारंभिक जीवन

मॅकग्रेगर यांचा जन्म स्कॉटलंडच्या पर्थशायर परगण्यातील ब्राको या गावी झाला. पर्थ येथे उमेदवारी करून त्यांनी कापडव्यवसायाचे शिक्षण घेतले. १८७० मध्ये ते बर्मिंगहॅमला आले. त्या काळी हे शहर धातुकाम आणि लहानमोठ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते व नशीब काढण्यासाठी दूरदूरची माणसे तेथे येत. मॅकग्रेगर यांनी ॲस्टन भागात कापडाचे दुकान थाटले. पुढे या दुकानात फुटबॉलचा पोशाखही मिळू लागला आणि खेळाची आवड असणाऱ्यांची तेथे नित्य ऊठबस सुरू झाली. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते, मद्य घेत नसत आणि राजकारणात उदारमतवादी पक्षाचे समर्थक होते. सचोटीचा आणि शब्दाला जागणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती.

ॲस्टन व्हिलाशी संबंध

ॲस्टन व्हिला क्लबची स्थापना १८७४ मध्ये झाली. एका वेस्लियन प्रार्थनामंदिराशी संबंधित क्रिकेट खेळणाऱ्या तरुणांनी हिवाळ्यात खेळण्यासाठी तो काढला होता. १८७६ पासून पेरी बार येथील वेलिंग्टन रोड हे त्याचे मैदान होते. जॉर्ज रॅमसे व आर्ची हंटर हे स्कॉटिश खेळाडू या क्लबात होते. लहान लहान पास देत सांघिक खेळ करण्याची स्कॉटिश पद्धत त्यांनी येथे रुजवली. आपल्या देशबांधवांमुळे आणि क्लबाच्या धार्मिक पार्श्वभूमीमुळे मॅकग्रेगर १८७७ च्या सुमारास व्हिलाकडे आकृष्ट झाले.

लवकरच ते क्लबाच्या कार्यकारिणीत आले आणि आर्थिक अडचणींच्या काळात त्यांनी क्लबाला सावरले. क्लबाच्या बोधचिन्हावरील उभा सिंह हे स्कॉटलंडचे राजचिन्ह असून ते आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. २ एप्रिल १८८७ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर आर्ची हंटर यांच्या नेतृत्वाखाली व्हिलाने वेस्ट ब्रॉमिच ॲल्बियनचा २–० असा पराभव करून प्रथमच एफ. ए. चषक जिंकला.

लीगपूर्वीची परिस्थिती

इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशन १८६३ मध्ये स्थापन झाली आणि १८७१–७२ च्या हंगामात एफ. ए. चषक स्पर्धा सुरू झाली. ही स्पर्धा बाद पद्धतीची होती. एकदा हरलेला संघ त्या वर्षापुरता स्पर्धेबाहेर जाई आणि हंगामाचे उरलेले शनिवार त्याला मैत्रीपूर्ण सामन्यांवर काढावे लागत. हे सामने क्लबांचे चिटणीस पत्रव्यवहाराने ठरवत. त्यांना कोणतेही बंधन नव्हते. प्रतिस्पर्ध्याचा चषकातील सामना त्याच दिवशी आला किंवा अधिक उत्पन्नाचे दुसरे आमंत्रण मिळाले, की ठरलेला सामना ऐनवेळी रद्द होई. काही वेळा एखादा संघ दुबळे खेळाडू घेऊन येई. सामना एकतर्फी झाला की प्रेक्षक पुढच्या खेपेस मैदानाकडे फिरकत नसत.

२० जुलै १८८५ रोजी असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिल्यावर हा प्रश्न अधिक बिकट झाला. लँकेशायर आणि मध्य इंग्लंडमधील क्लब आता खेळाडूंना उघडपणे वेतन देऊ लागले. वेतन दर आठवड्याला द्यावे लागे, उत्पन्नाची मात्र शाश्वती नव्हती. गिरण्या व कारखाने शनिवारी दुपारी सुटत, म्हणून कामगारवर्गाला सामना पाहण्यासाठी तोच वेळ मोकळा असे. तो शनिवार वाया गेला तर त्याची भरपाई होत नसे.

फुटबॉल लीगची स्थापना

या अडचणीवर मॅकग्रेगर यांनी सुचवलेला उपाय साधा होता. इंग्लिश क्रिकेटमध्ये परगण्यांचे संघ आपसांतील सामन्यांचा कार्यक्रम आधी निश्चित करत. त्याच धर्तीवर देशातील दहा-बारा प्रमुख क्लबांनी एकत्र यावे, प्रत्येकाने दुसऱ्याशी एक सामना आपल्या व एक त्याच्या मैदानावर खेळावा आणि या तारखा बंधनकारक मानाव्यात, असा प्रस्ताव त्यांनी २ मार्च १८८८ रोजी पत्राद्वारे मांडला. पत्र ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, प्रेस्टन नॉर्थ एंड व वेस्ट ब्रॉमिच ॲल्बियन या क्लबांना, तसेच त्यांच्या स्वतःच्या ॲस्टन व्हिलाला पाठवले होते.

पहिली बैठक २३ मार्च १८८८ रोजी लंडनमधील फ्लीट स्ट्रीटवरील अँडरटन्स हॉटेलात झाली. दुसऱ्या दिवशी प्रेस्टन व वेस्ट ब्रॉमिच यांच्यातील एफ. ए. चषकाचा अंतिम सामना असल्याने अनेक पदाधिकारी लंडनला येणार होते. १७ एप्रिल रोजी मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात झालेल्या बैठकीत लीगची रीतसर स्थापना झाली. मॅकग्रेगर यांनी सुचवलेले 'असोसिएशन फुटबॉल युनियन' हे नाव रग्बीच्या संघटनेच्या नावाशी फार जुळत होते. म्हणून प्रेस्टनचे विल्यम सडेल यांनी सुचवलेले 'फुटबॉल लीग' हे नाव स्वीकारले गेले. मॅकग्रेगर लीगचे पहिले अध्यक्ष झाले.

हंगामात बावीस तारखाच मोकळ्या असल्याने बारा क्लबांना प्रवेश मिळाला. शेफील्ड वेन्सडे, नॉटिंगहॅम फॉरेस्ट व हॅलिवेल यांनीही प्रवेश मागितला होता. तो नाकारण्यात आला.

संस्थापक क्लब व त्यांची मैदाने

बारा क्लबांपैकी सहा लँकेशायरमधील आणि सहा मध्य इंग्लंडमधील होते. लंडन व दक्षिण इंग्लंडमधील एकही क्लब त्यांत नव्हता. तेथे हौशी खेळाचा आग्रह अधिक होता.

लँकेशायर:
• ॲक्रिंग्टन – थॉर्नीहोम रोड
• ब्लॅकबर्न रोव्हर्स – लेमिंग्टन रोड
• बोल्टन वाँडरर्स – पाइक्स लेन
• बर्नली – टर्फ मूर
• एव्हर्टन – ॲनफील्ड
• प्रेस्टन नॉर्थ एंड – डीपडेल

मध्य इंग्लंड:
• ॲस्टन व्हिला – वेलिंग्टन रोड
• डर्बी काउंटी – रेसकोर्स ग्राउंड
• नॉट्स काउंटी – ट्रेंट ब्रिज
• स्टोक – व्हिक्टोरिया ग्राउंड
• वेस्ट ब्रॉमिच ॲल्बियन – स्टोनी लेन
• वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स – डडली रोड

यांतील काही मैदाने मुळात क्रिकेटची होती. ट्रेंट ब्रिज व डर्बीचे रेसकोर्स ग्राउंड ही त्याची उदाहरणे होत. पुढील काही वर्षांत बहुतेक क्लबांनी मोठ्या मैदानांवर स्थलांतर केले. वुल्व्हरहॅम्प्टनचा संघ १८८९ मध्ये मोलिन्यू येथे गेला आणि ब्लॅकबर्न १८९० मध्ये इवुड पार्कवर. जागेच्या मालकाशी वाद झाल्याने एव्हर्टनने १८९२ मध्ये ॲनफील्ड सोडून गुडिसन पार्क गाठले. रिकाम्या झालेल्या ॲनफील्डसाठी लिव्हरपूल हा नवा क्लब उभा राहिला. ॲस्टन व्हिला १८९७ मध्ये आजच्या व्हिला पार्कवर आला. डीपडेल आणि टर्फ मूर येथे मात्र प्रेस्टन व बर्नली आजही खेळतात.

आरंभीचे हंगाम

लीगचे पहिले पाच सामने ८ सप्टेंबर १८८८ रोजी झाले. त्या दिवशी प्रेस्टनने बर्नलीचा ५–२ असा, तर डर्बीने बोल्टनचा त्यांच्याच मैदानावर ६–३ असा पराभव केला. व्हिला व वुल्व्हरहॅम्प्टन यांच्यात १–१ अशी बरोबरी झाली. या सामन्यात व्हिलाच्या गर्शम कॉक्स यांच्याकडून झालेला स्वयंगोल हा लीगमधील पहिला गोल असल्याचे दीर्घकाळ मानले जाई. सामने सुरू होण्याच्या वेळांच्या अलीकडील संशोधनानंतर हा मान बोल्टनच्या केनी डेव्हनपोर्ट यांना दिला जातो.

स्पर्धा सुरू झाली तेव्हा गुणपद्धतीही निश्चित नव्हती. विजयाला दोन व बरोबरीला एक गुण ही पद्धत हंगाम चालू असताना ठरली. प्रेस्टनने बावीसपैकी अठरा सामने जिंकले, चार बरोबरीत सोडवले आणि ४० गुणांसह अजिंक्यपद मिळवले. २९ गुण मिळवणारा व्हिला दुसरा आला. त्याच हंगामात एकही गोल न स्वीकारता प्रेस्टनने एफ. ए. चषकही जिंकला, म्हणून त्या संघाला 'अपराजित' हे बिरुद लाभले.

तळाच्या चार क्लबांना पुढील हंगामासाठी इतर क्लबांकडे पुन्हा मते मागावी लागत. १८९० मध्ये या मतदानात स्टोकचे स्थान गेले आणि संडरलंडला प्रवेश मिळाला. १८९१ मध्ये स्टोक परतला, डार्वेनलाही प्रवेश मिळाला आणि क्लबांची संख्या चौदा झाली. १८८९ मध्ये निघालेली फुटबॉल अलायन्स ही प्रतिस्पर्धी संघटना १८९२ मध्ये लीगमध्ये विलीन झाली. त्यातून सोळा क्लबांची पहिली व बारा क्लबांची दुसरी श्रेणी तयार झाली. १८९३ मध्ये वुलिच आर्सेनल हा दक्षिण इंग्लंडमधील पहिला क्लब लीगमध्ये आला. त्याच वर्षी संस्थापकांपैकी ॲक्रिंग्टन लीगबाहेर पडला.

मॅकग्रेगर यांच्या हयातीत ॲस्टन व्हिलाने १८९४, १८९६, १८९७, १८९९, १९०० व १९१० असे सहा वेळा लीगचे अजिंक्यपद मिळवले. १८९७ मध्ये लीग व चषक दोन्ही त्यांच्याकडे आले.

उत्तरायुष्य व निधन

१८९२ मध्ये मॅकग्रेगर अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. त्यानंतर त्यांना लीगचे मानद अध्यक्षपद आणि १८९५ मध्ये आजीव सदस्यत्व देण्यात आले. फुटबॉलविषयी त्यांनी लेखनही केले. पत्नी जेसी यांचे १९०८ मध्ये निधन झाले. २० डिसेंबर १९११ रोजी बर्मिंगहॅम येथे मॅकग्रेगर यांचे निधन झाले. हँड्सवर्थ येथील सेंट मेरी चर्चच्या आवारात पत्नीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले. व्हिला पार्कबाहेर २००९ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

मूल्यमापन

लीग ही मूठभर बलिष्ठ क्लबांनी स्वहितासाठी केलेली जूट आहे, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. तो सर्वस्वी निराधार नव्हता. बारा क्लबांचे शनिवार बांधले गेल्यामुळे बाहेर राहिलेल्या क्लबांना चांगले प्रतिस्पर्धी मिळेनासे झाले. हॅलिवेलसारखे क्लब पुढे नामशेष झाले. प्रवेश मतांवर अवलंबून असल्याने गुणवत्तेइतकेच सदस्यांच्या मर्जीलाही महत्त्व राहिले. श्रेणी बदलण्यासाठी १८९३ पासून कसोटी सामने खेळवले जाऊ लागले आणि १८९८ नंतर दोन श्रेणींमधील बढती व घसरण थेट गुणतक्त्यावरून ठरू लागली. त्यामुळे हा दोष काही अंशी दूर झाला. दुसऱ्या श्रेणीच्या तळाशी मात्र मतदान पुढे दीर्घकाळ चालू राहिले.

मॅकग्रेगर यांच्या कल्पनेचे महत्त्व एका अपयशी प्रयोगावरून कळते. १८८८ मध्येच लीगबाहेरच्या वीस क्लबांनी 'कॉम्बिनेशन' नावाची संघटना काढली. तिच्यातील सामने क्लबांनी आपसांत ठरवायचे होते. त्यांवर देखरेख करणारी मध्यवर्ती यंत्रणा नव्हती. ही संघटना पहिला हंगाम संपण्यापूर्वीच मोडली. क्लब आणि खेळाडू दोन्हीकडे होते. वेळापत्रक पाळण्याचे बंधन फक्त लीगमध्ये होते.

वारसा

साखळी स्पर्धेचा हा नमुना लवकरच इतरत्र स्वीकारला गेला. स्कॉटलंड व आयर्लंड येथे १८९० मध्ये अशाच लीग स्थापन झाल्या. इंग्लंडमध्ये १९९२ मध्ये पहिल्या श्रेणीतील क्लबांनी बाहेर पडून प्रीमियर लीग काढली, तरी घरच्या व बाहेरच्या मैदानावर एकेक सामना ही मूळ रचना कायम राहिली.

भारतात लीगच्या जन्मवर्षीच, १८८८ मध्ये, सिमला येथे ड्युरँड चषक आणि १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. या मात्र इंग्लंडमधील जुन्या पद्धतीच्या चषक स्पर्धा होत्या. देशव्यापी राष्ट्रीय फुटबॉल लीग भारतात १९९६ मध्ये सुरू झाली. गोव्याच्या साळगावकर संघाने १९९८–९९ मध्ये, धेंपो संघाने २००४–०५ मध्ये आणि मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५–०६ मध्ये तिचे अजिंक्यपद मिळवले. वर्षभराचे सामने आधी जाहीर करून ते आळीपाळीने दोघांच्या मैदानांवर खेळण्याची जी पद्धत या लीगने अवलंबली, तिचा उगम मॅकग्रेगर यांच्या १८८८ मधील पत्रात आहे.