सॅचेल पेज : निकामी ठरलेल्या हाताचा दुसरा डाव

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी पदार्पण करणारे सॅचेल पेज यांचे नाव निघाले की चर्चा बहुधा त्यांच्या वयाकडे आणि त्यांच्या मिश्कील स्वभावाकडे वळते. मात्र या पदार्पणाच्या दहा वर्षे आधी त्यांचा उजवा हात खांद्यापासून निकामी झाला होता आणि ते पुन्हा चेंडू टाकू शकणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचे दोन भाग पडतात ते या घटनेमुळे.

बेसबॉलमधील पिचर म्हणजे ढोबळमानाने क्रिकेटमधील गोलंदाज. परंतु हे साम्य फार पुढे नेता येत नाही. पिचर धावत येत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून, कोपर वाकवून, तो सुमारे १८ मीटर अंतरावरील फलंदाजाकडे चेंडू थेट फेकतो. चेंडू जमिनीवर टप्पा घेत नाही, त्यामुळे खेळपट्टीची मदत नाही. वेग, वळण आणि अचूकता हे सारे हातातूनच यावे लागते. षटक संपले म्हणून दुसऱ्या टोकाकडून सहकारी येत नाही. पूर्ण सामना खेळणारा पिचर शंभरावर चेंडू टाकतो आणि त्या प्रत्येक चेंडूचा ताण खांदा व कोपर यांवर पडतो. म्हणूनच या खेळात खांदा किंवा कोपर गेलेला पिचर बहुधा परत येत नसे. कोपरातील फाटलेला अस्थिबंध शस्त्रक्रियेने बदलण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९७४ साली झाला. पेज यांचा हात गेला तेव्हा असे काहीच उपलब्ध नव्हते.

लेरॉय रॉबर्ट पेज यांचा जन्म ७ जुलै १९०६ रोजी अलाबामा राज्यातील मोबील या बंदराच्या शहरात झाला. वडील माळीकाम करीत, आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवी आणि घरात डझनभर मुले. लेरॉय लहान वयातच रेल्वे स्थानकावर प्रवाशांच्या बॅगा उचलू लागला. काठी आणि दोरीच्या साहाय्याने एकाच वेळी अनेक बॅगा नेण्याची युक्ती त्याने शोधली आणि त्यावरून त्याला सॅचेल, म्हणजे हातातली पिशवी, हे नाव पडले. बॅग पळवताना पकडला गेल्यामुळे हे नाव मिळाले, असे सांगणारेही होते. पेज यांच्या आयुष्यातील बहुतेक गोष्टींच्या अशा दोन आवृत्त्या आढळतात आणि त्यांपैकी किमान एक त्यांनी स्वतःच पसरवलेली असते.

वयाच्या बाराव्या वर्षी, १९१८ साली, दुकानातून किरकोळ दागिने चोरल्याबद्दल आणि शाळा चुकवल्याबद्दल त्यांना माउंट मेग्ज येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात पाठवण्यात आले. पाच वर्षांहून अधिक काळ ते तेथे होते. ही शिक्षा एवढ्याशा अपराधाला अवाजवीच म्हणावी लागेल. पण पेज यांनी पुढे त्या दिवसांबद्दल कडवटपणा दाखवला नाही. तेथील प्रशिक्षक एडवर्ड बर्ड यांनी त्यांच्या लांब हातापायांतील शक्यता ओळखली. डावा पाय आभाळाकडे उंच झुगारून, सारे शरीर मागे नेऊन, अगदी शेवटच्या क्षणी चेंडू सोडण्याची त्यांची प्रसिद्ध लकब तेथेच घडली.

सुधारगृहातून बाहेर पडल्यावर मोबीलमधील स्थानिक संघ, १९२६ मध्ये चॅटानूगा, पुढे बर्मिंगहॅम आणि मग पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स, असा त्यांचा प्रवास झाला. त्या काळी मेजर लीगचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होते. कोठेही तसा लेखी नियम नव्हता, परंतु संघमालकांच्या आपसातील समजुतीने तो अनेक दशके पाळला गेला. त्यामुळे कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीग उभ्या राहिल्या. इतिहासात त्या निग्रो लीग या नावाने ओळखल्या जातात. पेज हे त्यांतील सर्वांत मोठे आकर्षण. त्यांचा चेंडू इतका वेगवान की फलंदाजाला तो दिसण्याऐवजी ऐकू येतो, अशी त्यांची ख्याती होती. सरावाच्या वेळी होम प्लेटऐवजी च्युइंगमचा कागद ठेवून त्यावरून ते चेंडू नेत.

हात निकामी होण्याचे मूळही या लोकप्रियतेतच शोधावे लागते. लीगमधील पगार अपुरे असत. खरी कमाई गावोगाव फिरून केलेल्या प्रदर्शनी सामन्यांतून होई. ज्या गावात पेज यांच्या नावाची जाहिरात लागे तेथे त्यांनी चेंडू टाकलाच पाहिजे, अशी प्रेक्षकांची अपेक्षा असे. मेजर लीगमधील पिचरला दोन सामन्यांमध्ये काही दिवसांची विश्रांती मिळे. पेज आज एका गावात, उद्या दुसऱ्या गावात, कधी एकाच दिवशी दोन ठिकाणी खेळत. उन्हाळा संपला की क्युबा, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी हिवाळी हंगाम सुरू होई. वर्षाचे बाराही महिने हात चालू होता. १९३७ साली तर डोमिनिकन हुकूमशहा त्रुहिय्यो याच्या नावाशी जोडलेल्या संघासाठी ते क्रॉफर्ड्सचे अनेक खेळाडू सोबत घेऊन गेले आणि मालक गस ग्रीनली यांचा रोष ओढवून घेतला.

पुढच्या वर्षी ते मेक्सिकोला गेले आणि तेथे खांद्याने दगा दिला. प्रथम दुखणे, मग चेंडूतील वेग नाहीसा होणे, आणि अखेरीस हात डोक्याच्या वर उचलणेही अशक्य होणे, असा हा क्रम होता. डॉक्टरांचा निर्णय स्पष्ट होता. वय ३२, शिक्षण सुधारगृहातले, चेंडू टाकण्याखेरीज दुसरे कौशल्य हाताशी नाही. मायदेशी परतल्यावर जुने संघमालक, ज्यांचे करार त्यांनी मोडले होते, ते दार उघडायला तयार नव्हते. हातच गेलेल्या, शिवाय बेभरवशाच्या म्हणून बदनाम झालेल्या पिचरला कोण घेणार, हा त्यांच्या दृष्टीने व्यवहाराचा प्रश्न होता.

कॅन्सस सिटी मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी मात्र वेगळा विचार केला. निग्रो लीगमधील मोजक्या श्वेतवर्णीय मालकांपैकी ते एक. १९३० साली, मेजर लीगच्या पाच वर्षे आधी, ट्रकवर वाहून नेता येणारे दिवे घेऊन त्यांनी रात्रीचे सामने सुरू केले होते. तेव्हा इतरांना न दिसणारी संधी पाहण्याची त्यांना सवय होती. त्यांनी पेज यांना मुख्य संघात घेतले नाही, तर गावोगाव फिरणाऱ्या दुसऱ्या संघात घेतले. पेज यांचे नाव अजूनही तिकिटे विकू शकते, हा हिशेब त्यामागे होताच. पण केवळ हिशेब होता असे म्हणणे विल्किन्सन यांच्यावर अन्याय करणारे ठरेल, कारण त्यांनी हातावरील उपचारांचीही व्यवस्था केली.

१९३९ चा तो उन्हाळा पेज यांच्या आयुष्यातील सर्वांत केविलवाणा काळ असावा. लहान गावांतील मैदानांवर, नामवंत नसलेल्या संघांविरुद्ध, ते कधी पहिल्या तळावर क्षेत्ररक्षण करीत, तर कधी दोन-तीन डाव चेंडू टाकीत. ज्यांच्या वेगाच्या कथा ऐकून लोक आले होते ते पेज आता हळुवार, संथ चेंडू टाकत होते. प्रतिस्पर्धी फलंदाज अनेकदा त्यांच्या नावाखातरच जोरात बॅट फिरवीत नसत, असे सांगितले जाते. मोनार्क्सचे फ्लॉइड नावाचे मालिशवाले त्यांच्या खांद्याला रोज गरम आणि थंड पाण्याचा शेक देत, मलमे चोळत. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने यात विशेष काही नव्हते. कदाचित खरे औषध निराळेच होते: अनेक वर्षांत प्रथमच त्या खांद्यावर पूर्ण जोर पडत नव्हता.

आणि एके दिवशी वेदना नाहीशी झाली. ते का झाले, याचे शास्त्रीय उत्तर कोणाकडे नव्हते. पेज यांनी सावधपणे थोडा जोर लावून पाहिला, मग आणखी थोडा, आणि चेंडू पूर्वीसारखा जाऊ लागला. त्या हिवाळ्यात ते प्वेर्तो रिकोला गेले आणि ग्वायामा संघाकडून १९ सामने जिंकत त्यांनी २०८ फलंदाजांना त्रिफळ्याच्या तोडीचे स्ट्राइकआउट दिले. हात परत आल्याचा याहून ठोस पुरावा मागण्याची गरज उरली नाही. १९४० मध्ये ते मोनार्क्सच्या मुख्य संघात दाखल झाले.

परत आलेले पेज पूर्वीचेच नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. दुखापतीपूर्वी ते जवळजवळ केवळ वेगावर खेळत. त्या एका वर्षाच्या लाचारीत त्यांना संथ चेंडू, वळणारे चेंडू, फेकीच्या मध्येच क्षणभर थबकून फलंदाजाची लय बिघडवणे, हे सारे शिकावे लागले. वेग परतल्यावरही त्यांनी ते सोडले नाही. पुढील पंचवीस वर्षे त्यांना तारले ते याच शिदोरीने. १९४२ च्या निग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये मोनार्क्सनी होमस्टेड ग्रेज संघाला चारही सामन्यांत हरवले. त्यातील दुसऱ्या सामन्यात तिन्ही तळ भरलेले असताना पेज यांनी जोश गिब्सन या त्या काळच्या सर्वांत ताकदवान फलंदाजाला बाद केले. गिब्सनशी गाठ पडावी म्हणून त्यांनी आधीच्या फलंदाजांना मुद्दाम तळ बहाल केले, ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. ती कितपत खरी यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

याच संदर्भात डिझी डीन यांची आठवण होते. सेंट लुईस कार्डिनल्सचे हे श्वेतवर्णीय पिचर पेज यांच्याविरुद्ध प्रदर्शनी सामन्यांत खेळले होते आणि त्यांचे जाहीर प्रशंसक होते. १९३७ च्या ऑल-स्टार सामन्यात डीन यांच्या पायाच्या बोटाला चेंडू लागला. बोट पूर्ण बरे होण्याआधीच ते मैदानात उतरले, पायावरचा भार चुकवण्यासाठी त्यांची फेक बदलली आणि हात कायमचा दुखावला. १९३८ मध्ये शिकागो कब्जने त्यांना मोठी रक्कम देऊन घेतले. परंतु पूर्वीचा वेग परतला नाही आणि तिशी उलटताच त्यांची कारकीर्द आटोपल्यात जमा झाली. दोघांचेही हात जवळपास एकाच काळात गेले. परत आला तो एकाचाच.

१९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांनी ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळून वर्णभेदाची भिंत फोडली. रॉबिन्सन काही काळ मोनार्क्समध्ये पेज यांचे कनिष्ठ सहकारी होते. पहिला मान आपल्याला मिळाला नाही, हे शल्य पेज यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लपवलेले नाही. क्लीव्हलंड इंडियन्सचे मालक बिल व्हेक यांनी ७ जुलै १९४८ रोजी, पेज यांच्या ४२ व्या वाढदिवशी, त्यांच्याशी करार केला. बेसबॉलमधील प्रतिष्ठित साप्ताहिकाचे संपादक टेलर स्पिंक यांनी हा केवळ प्रसिद्धीचा खेळ असल्याची टीका केली.

९ जुलैला ते प्रथम मैदानात उतरले. ऑगस्टमध्ये त्यांच्या तीन सामन्यांना मिळून दोन लाखांवर प्रेक्षक आले. शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध लागोपाठ दोन सामन्यांत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही. हंगामाअखेर त्यांच्या नावावर सहा विजय आणि एक पराभव होता. क्लीव्हलंड आणि बोस्टन रेड सॉक्स यांचे विजय त्या वर्षी समसमान झाले आणि निर्णय एका जादा सामन्यावर गेला. म्हणजे पेज यांचा एक विजय जरी कमी झाला असता तरी ती संधी हुकली असती. स्पिंक यांच्या टीकेला यापेक्षा वेगळ्या उत्तराची आवश्यकता नव्हती. क्लीव्हलंडने त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली आणि तीत चेंडू टाकणारे पेज पहिले कृष्णवर्णीय पिचर ठरले.

पुढे सेंट लुईस ब्राउन्सकडून खेळताना १९५२ आणि १९५३ मध्ये त्यांची ऑल-स्टार संघात निवड झाली. ६ ऑगस्ट १९५२ रोजी, ४६ व्या वर्षी, त्यांनी डेट्रॉइटविरुद्ध सलग १२ डाव चेंडू टाकून १-० असा विजय मिळवला. ज्या खांद्याला १९३८ मध्ये निकामी ठरवले होते, त्याच खांद्याने ही कामगिरी केली होती.

२५ सप्टेंबर १९६५ रोजी कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सने त्यांना एका सामन्यापुरते मैदानात उतरवले. राखीव खेळाडूंच्या जागेत आरामखुर्ची मांडली होती, शेजारी परिचारिका उभी केली होती. सारा देखावा प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी होता. ५९ वर्षांच्या पेज यांनी तीन डाव चेंडू टाकला. बोस्टनला एकही धाव मिळाली नाही आणि केवळ कार्ल यास्त्रेम्स्की यांनाच फटका मारता आला.

करमणुकीआडचे वास्तव तितके हसरे नव्हते. उमेदीची वर्षे मेजर लीगबाहेर गेल्यामुळे त्यांना लीगचे निवृत्तिवेतन मिळू शकत नव्हते. त्यासाठी १५८ दिवसांची सेवा कमी पडत होती. त्यांनी अनेक संघांकडे विचारणा केली. १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्हजने त्यांना नोकरीवर घेऊन ही अट पूर्ण करून दिली. १९७१ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली, तीही आधी निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी वेगळे दालन करण्याच्या प्रस्तावासह. वेगळ्या दालनाच्या कल्पनेवर सर्व स्तरांतून टीका झाल्यावर ती मागे घेण्यात आली आणि त्यांना इतरांच्या बरोबरीचे स्थान मिळाले.

५ जून १९८२ रोजी कॅन्सस सिटीमधील एका मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. प्रकृती खालावलेली असतानाही पेज चाकांच्या खुर्चीतून समारंभाला आले. तीन दिवसांनी, ८ जून रोजी, त्याच शहरात त्यांचे निधन झाले. निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा देण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला आणि २०२४ मध्ये त्या लीगमधील खेळाडूंची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट करण्यात आली. १९३९ च्या उन्हाळ्यात लहान गावांच्या मैदानांवर दुखऱ्या खांद्याने टाकलेले चेंडू मात्र कोणत्याही नोंदवहीत नाहीत.